मंडळी गाते तेव्हा

पुणे, नाशिक, सोलापूर, अहिल्यानगर, यांपैकी कुठल्याही शहरातल्या जुन्या मराठी मंडळीत रविवारी सकाळी गेलात, तर भिंतीवर लाकडी फळा दिसतो आणि त्यावर गीतांचे क्रमांक लावलेले असतात. पाळकसाहेब क्रमांक पुकारतात, लोक ‘उपासना संगीत’ उघडतात, पेटीवर पहिली ओळ वाजते आणि सगळे उभे राहतात. त्याच शहरात, पुष्कळदा त्याच इमारतीत, दोन तासांनी दुसरी उपासना भरते. तिथे फळ्याची जागा पडद्याने घेतलेली असते. कीबोर्ड, गिटार, ड्रम आणि चार-पाच माइक. गाणी हिंदी किंवा इंग्रजी, मध्येच एखादं मराठी. वीस-पंचवीस मिनिटं एकातून दुसरं गाणं निघत राहतं, लोक हात उंचावून, डोळे मिटून उभे असतात. याला सगळे सरळ ‘वर्शिप’च म्हणतात.

या दोन उपासनांमधली कुरकुर आता बहुतेक मंडळ्यांना ओळखीची झाली आहे. वडीलधाऱ्यांना वाटतं की देवाच्या घरात ऑर्केस्ट्रा आला. तरुणांना वाटतं की जुनी गीतं रडतखडत म्हटली जातात आणि त्यातले निम्मे शब्द कळतच नाहीत. तोडगा म्हणून वेळा वेगळ्या केल्या जातात. मग आजी साडेआठच्या उपासनेला, नातू अकराच्या, आणि दोघांना एकमेकांची गाणी येत नाहीत. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते. वाद पेटी की गिटार असा मांडला जातो, पण मंडळी स्वतः गाते की गाणं ऐकते, हा प्रश्न दोन्हीकडे कुणी फारसा विचारत नाही. ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासात मात्र तो पुन:पुन्हा विचारला गेला आहे, आणि त्याचं एक फार चांगलं उत्तर याच मातीत, नगर जिल्ह्यात सापडलं होतं.

त्याआधी थोडं बोस्टनला जायला हवं, कारण नगरची मिशन तिथून आली. १७१३ साली बोस्टनचे एक श्रीमंत व्यापारी टॉमस ब्रॅटल वारले. आपला ऑर्गन त्यांनी मृत्युपत्रात आपल्या चर्चला ठेवला होता. चर्चने तो नाकारला. प्युरिटन परंपरेत उपासनेत वाद्याला जागा नव्हती. स्तोत्रं फक्त माणसाच्या आवाजात गायची. मग तो ऑर्गन अँग्लिकनांच्या किंग्ज चॅपलला गेला. काही वर्षांतच प्युरिटन चर्चमध्ये दुसरा वाद पेटला. लोकांकडे पुस्तकं थोडी, वाचता येणारेही सगळे नव्हते. म्हणून एक वडील स्तोत्राची एकेक ओळ म्हणत आणि मागून सगळे ती गात. हळूहळू प्रत्येक जण आपल्या मनाने चाल वळवू लागला. १७२०च्या सुमारास टॉमस सिम्स आणि कॉटन मॅदर या धर्मोपदेशकांनी लिहून आग्रह धरला की लोकांनी स्वरलिपी वाचून, एकसारखं गायला शिकावं. खेड्यापाड्यांतून विरोध झाला: आमच्या बापजाद्यांची रीत तुम्ही मोडता, ही नवी टूम कशाला? आज ज्याला आपण ‘पारंपरिक इंग्रजी हिम’ म्हणतो, चार आवाजांत बसवलेलं, ऑर्गनच्या साथीचं, ते त्या काळात त्या माणसांना असं परकं आणि उद्धट वाटलं होतं.

ब्रॅटलचा ऑर्गन नाकारला गेला त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १८१३ साली, त्याच न्यू इंग्लंडचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची ती सुरुवात. १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हे तिचं मोठं ठाणं झालं. त्यांनी बायबल, शाळा, छापखाना आणला, आणि बरोबर हिमही आणले. त्यांची मराठी भाषांतरं झाली आणि मूळ इंग्रजी चालींवर बसवली गेली.

इथे अडचण आली, आणि ती निव्वळ आवडीनिवडीची नव्हती. इंग्रजी हिमचा एक अगदी प्रचलित साचा आठ, सहा, आठ, सहा अक्षरांचा असतो आणि त्यात एक अक्षर हलकं, एक जोराचं अशी चाल असते. ओळ बहुधा हलक्या अक्षराने सुरू होते. इंग्रजीत तिथे एखादा बिनवजनाचा शब्द सहज बसतो. मराठीत तसा शब्द ठेवायला मिळत नाही. शिवाय मराठी कान ऱ्हस्व-दीर्घावर चालतो. इंग्रजी चाल जिथे स्वर लांबवते तिथे मराठीतलं ऱ्हस्व अक्षर आलं की शब्द ताणला जातो, दीर्घ अक्षर घाईच्या जागी आलं की तो दबतो. शब्दांचा अर्थ बरोबर असूनही कानाला ती भाषा आपली वाटत नाही. मंडळीने ही गीतं निष्ठेने म्हटली. पुढे बोर्डिंगच्या शाळांतून मुलं चार आवाजांत उत्तम गायला शिकली आणि काही घराण्यांत ती गोडी आजही टिकून आहे. नाताळच्या आदल्या रात्री मराठी कॉयर चार आवाजांत गातो तेव्हा त्याला परका म्हणण्याची माझी तयारी नाही; पाच-सहा पिढ्यांनी गळ्यात वागवलेली वस्तू परकी कशी? पण खेड्यातल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला ती दारं उघडत नव्हती.

ती उघडली कीर्तनाने. १८६०च्या दशकात नगरकडच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तनाचा बाज घेतला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी त्यासाठी पदं रचली. ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या, सगळी जुनी वृत्तं आली. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात बायबलमधलं आख्यान: उधळ्या पुत्र, योसेफ, रूथ. कीर्तनकार ओळ टाकतो, मागचे ती उचलतात, ध्रुपद आलं की समोर बसलेलेही उचलतात. पुस्तकाची गरज नाही, वाचता येण्याची गरज नाही, आधी गाणं माहीत असण्याचीही गरज नाही. दुसऱ्यांदा ध्रुपद आलं की ते तुमचं झालं. न्यू इंग्लंडच्या त्या जुन्या चर्चमध्ये एक वडील ओळ म्हणत आणि मंडळी मागून गाई, ती रीत आणि ही रीत आतून एकच. आपली मात्र तालात बांधलेली होती, म्हणून ती विस्कटली नाही.

मग नारायण वामन टिळक आले. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. बाप्तिस्मा १८९५ साली, मुंबईत. पुढची बरीच वर्षं नगरला. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो, बालकवींना घरी आसरा देणारे म्हणून ओळखतो, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तले विक्षिप्त, लोभस टिळक तर त्याला घरच्यासारखे वाटतात. पण दर रविवारी ज्यांचे शब्द हजारो तोंडी येतात असे टिळक ख्रिस्ती मंडळीबाहेर फारसे माहीत नाहीत. ‘उपासना संगीत’मध्ये त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. ‘अभंगांजली’ उघडली की त्याचा अर्थ कळतो. तिथे ख्रिस्त हा माउली आहे, सखा आहे, गुरू आहे, आणि भक्त त्याच्याशी लाडीगोडीने, हट्टाने, कधी भांडूनही बोलतो. उधार चालीवर बसवलेल्या भाषांतरात हे बोलणं शक्य नव्हतं.

अभंगाची ताकद त्याच्या मापात आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. मोजकी अक्षरं असल्याने विचार पसरत नाही आणि यमकामुळे लक्षात राहतो. शेतात, जात्यावर, बैलगाडीत तो म्हणता येतो. ज्यांनी आयुष्यात बायबल वाचलं नाही, अशा माणसांनी अख्खा धर्मविचार अशा गीतांतून तोंडपाठ केला. लक्ष्मीबाई स्वतः कीर्तनं करत. बाईने उभं राहून कीर्तन करावं आणि मंडळीने मागून गावं, ही त्या काळात केवढी गोष्ट होती. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, सातारा गाठलं आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९च्या मे महिन्यात ते गेले. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनी चार वर्षांत त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याच विन्स्लोंच्या ख्रिस्त सेवा संघाने आधी नगरला आणि मग पुण्यात भारतीय वळणाची उपासना रुजवण्याचा प्रयत्न केला.

आता पेटीबद्दल. आज ज्येष्ठ मंडळी गिटारच्या विरोधात पेटीची बाजू घेतात तेव्हा एक तारीख आठवावी. १८४२ साली नगरला ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं. त्याच साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅंने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. म्हणजे पेटी मराठी मंडळीपेक्षाही तरुण आहे. ती युरोपातून आली, हिंदुस्थानी कारागिरांनी तिला मांडीजवळ बसवलं, मराठी रंगभूमीने तिचा पायांनी हवा भरायचा ऑर्गन आपलासा केला, आणि तरीही १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीने तिला परकी म्हणून बाहेर ठेवलं. गिटारचंही उलट टोक पाहा. जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध नाताळगीत, ‘सायलेंट नाइट’, १८१८च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं, ते गिटारच्या साथीने. वाद्याच्या वयावरून परंपरा ठरवायला गेलं की हिशोब कुणाच्याच बाजूने जुळत नाही.

प्रोटेस्टंट नगरच्या दोन-अडीचशे वर्षं आधी गोव्यात देशी छंदात ख्रिस्ती गाणं बांधण्याचा हाच प्रयोग झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. नवख्रिस्ती लोकांनी आपल्याला पुराण हवं म्हणून मागितलं, आणि ते त्यांना गाण्यासाठी मिळालं. रविवारी, सणावारी चर्चमध्ये ते म्हटलं जाई. पुढे सत्तेने हात आवळला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढलं, १७३६ मध्ये इन्क्विझिशनने लग्नातल्या गाण्यांवरही बंदी घातली. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखितांनी आणि लोकांच्या आठवणींनी ते जगवलं. त्याच गोव्यात पॅरिश शाळांतल्या ‘मेस्त्रां’नी पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली. उपवासकाळात गायल्या जाणाऱ्या ‘मोतेत’ या गीतांपासून निघालेली ती विद्या थेट मुंबईच्या सिनेस्टुडिओत पोहोचली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं त्या वाटेवरची. एका हाताने ओवी हिरावली गेली आणि दुसऱ्या हाताने व्हायोलिन मिळालं. गोव्याच्या ख्रिस्ती गाण्याचा इतिहास या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय सांगता येत नाही.

कॅथोलिकांच्या बाबतीत दार अधिकृतपणे उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. ४ डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक घोषणापत्रात ग्रेगोरियन गायनाला मानाचं पहिलं स्थान आहे, पाइप ऑर्गनचाही गौरव आहे, आणि जिथल्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला योग्य मान द्यावा असंही बजावलं आहे. लॅटिन मिस्सा मराठीत आली. वसईत धर्मग्रामांच्या गायनमंडळांनी मराठी गीतं, भजनं बांधली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांनी त्या मराठीपणाला साहित्यातही जागा मिळवून दिली. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय संगीत आणि नृत्य उपासनेत आणलं. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते तेव्हा भजनं म्हणत पायी येणारे लोक मराठी गावाकडचेच असतात.

पण हे सगळं गोड मानून घेताना एक तक्रार ऐकली पाहिजे, आणि ती गंभीर आहे. १९६९ मध्ये आरती, बैठक, उदबत्ती अशा बारा बाबींना रोमने भारतासाठी मान्यता दिली, त्यांबद्दलही ती केली जाते. नगर-औरंगाबाद पट्ट्यातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतले. त्यांच्यातले पुष्कळ जण विचारतात की ‘भारतीय’ म्हणून जे आमच्यापुढे ठेवलं जातं ते नेमकं कुणाचं? संस्कृतप्रचुर पदावली, कीर्तनातला हरदासी थाट, हे ज्या देवळांच्या पायरीवर आम्हाला उभं राहू दिलं नाही तिथलं आहे. आमची हलगी, आमची सनई, आमचा जलसा, त्याला उपासनेत जागा का नाही? टिळकांवर जीव असूनही मला हा प्रश्न रास्त वाटतो. वारकऱ्यांचा अभंग या तक्रारीतून बऱ्याच अंशी सुटतो, कारण चोखोबा आणि सोयराबाईंनी तो स्वतःचा केला होता. पण हलगीचा हिशोब अजून बाकी आहे. खेड्यातल्या ख्रिस्ती भजनी मंडळांत ढोलकी आणि टाळ पूर्वीच शिरले. शहरातल्या चर्चच्या चौकटीत हलगीला अजून क्वचितच बोलावणं येतं.

बँडच्या उपासनेला अमेरिकन आयात म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी केडगाव आठवावं. जून १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. तास न् तास ते चालायचं. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम म्हणून ज्या लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटचं नाव घेतात, तिथल्या सभा पुढच्या वर्षीच्या एप्रिलात सुरू झाल्या. पुराणिकाची मुलगी, संस्कृत पंडिता रमाबाई यांच्या छायेखाली, दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींनी हात वर करून, आवाज सोडून देव आळवला होता. नव्या उपासनेतला भावनेचा पूर परका नाही.

गाणी मात्र बव्हंशी बाहेरून येतात. १९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियात हिप्पी तरुण ख्रिस्ताकडे वळले आणि आपलं रॉक, फोक संगीत चर्चमध्ये घेऊन आले. तिथून स्वतंत्र गाण्यांच्या कंपन्या निघाल्या. १९८३ मध्ये सिडनीत सुरू झालेल्या हिलसाँग चर्चची गाणी तर जगभर पोहोचली. आज पुण्यातला मुलगा ती यूट्यूबवर ऐकतो, शनिवारी मित्रांबरोबर बसवतो, रविवारी वाजवतो. त्याच्या मेहनतीला आणि श्रद्धेला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पुण्या-मुंबईच्या मंडळीत तेलुगू, तमिळ, हिंदी बोलणारी कुटुंबं असतात, मराठी मुलंही इंग्रजी शाळेत शिकतात. हिंदी गाण्यात सगळे एकत्र येतात, हेही खरं.

माझी हरकत त्या गाण्यांच्या बांधणीला आहे. ती मुळात एका तयार गायकासाठी आणि ध्वनिमुद्रणासाठी रचलेली असतात. पट्टी त्याच्या गळ्याची असते. पहिलं कडवं खालच्या सप्तकात, मग ड्रम वाढतात आणि तेच शब्द वरच्या सप्तकात. तिथे सामान्य गळा थांबतो. माइकचा आवाज इतका मोठा असतो की शेजारी उभा असलेला माणूस गातो की नाही हे कळत नाही, आणि आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस हळूहळू गायचा थांबतो. दर दोन-तीन महिन्यांनी गाणी बदलतात, त्यामुळे पाठ काहीच होत नाही. हाच दोष जुन्या उपासनेतही आहे, फक्त त्याचं रूप वेगळं. जिथे कॉयर सगळं म्हणतो आणि बाकीचे पुस्तकात बोट ठेवून उभे असतात, जिथे पेटीवाले काका प्रत्येक गीत एकाच मंद लयीत ओढतात, तिथेही मंडळी श्रोतेच झालेली असते.

कसोटीची जागा दुसरीच आहे. कुणाच्या घरी मृत्यू होतो, संध्याकाळी लोक जमतात. पडदा नाही, कीबोर्ड नाही, पुष्कळदा पुस्तकही हातात नसतं. कुणीतरी बाई एक ओळ धरते आणि खोली गाऊ लागते. तिथे जे गाणं येतं ते त्या मंडळीचं खरं गाणं. आज त्या खोलीत पन्नाशीच्या पुढची माणसं टिळकांचे, सांगळ्यांचे शब्द म्हणतात आणि पंचविशीतली गप्प बसतात, कारण त्यांच्या गाण्याला यंत्र लागतं. आणखी वीस वर्षांनी ही खोली काय गाईल, याची मला काळजी वाटते.

उपाय अवघड नाहीत. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो, गिटारवाल्या मुलांच्या चार-चारच्या लयीत तो अलगद बसतो. टिळकांचा अभंग त्यांना उचलता येतो, फक्त भैरवीसारख्या रागातले कोमल स्वर मोडून ठोकळेबाज कॉर्ड लावू नयेत, तानपुऱ्यासारखा एक षड्ज धरून ठेवला तरी पुरतं. पट्टी दोन-तीन स्वर खाली आणावी. ध्रुपदाच्या वेळी ड्रम आणि माइक बंद ठेवून लोकांचा आवाज वर येऊ द्यावा. वर्षभरात नवी दहाच गाणी घ्यावीत आणि ती पाठ होईपर्यंत सोडू नयेत, निदान दोन मराठी असावीत, आणि त्यांतलं एखादं आजच्या मराठीत, आजच्या मुलाने रचलेलं. हलगी येत असलेला पोरगा मंडळीत असेल तर त्याला नाताळपुरतं मिरवणुकीत न ठेवता आत बोलवावं. आणि साडेआठ आणि अकराची उपासना महिन्यातून एका रविवारी एकत्र भरवावी, म्हणजे आजीला नातवाचं एक गाणं येईल आणि नातवाला आजीचे दोन अभंग.